पुढून राजवाडा, मागून ज्याचं त्याचं: बाथच्या रॉयल क्रेसेंटबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंटचा फोटो छापला होता, हिरवळीच्या वरच्या अंगाला अर्धचंद्रासारखी पसरलेली मधाच्या रंगाची दगडी इमारत. फोटोखाली फक्त "३० घरं, १७६७ ते १७७५" एवढंच होतं आणि त्या एका ओळीवर प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळे घेता येणार नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न – फोटोत मला तर एकच लांबलचक राजवाडा दिसतोय. ३० घरं म्हणताय ती मोजायची कुठून? आणि नावात रॉयल आहे म्हणजे कुणा राजानेच बांधलं असणार ना?

राजाने एक छदामही घातलेला नाही. हा शुद्ध बिल्डरचा धंदा आहे. धाकटा जॉन वूड हा आर्किटेक्ट, आणि आजच्या भाषेत डेव्हलपरही तोच. १९ मे १७६७ ला पायाचा दगड बसला आणि पुढच्या सात-आठ वर्षांत एकाला एक चिकटलेल्या ३० रो-हाऊसची ही साधारण ५०० फुटांची कमान उभी राहिली. सुरुवातीला नाव नुसतं 'द क्रेसेंट' होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी तिसऱ्या जॉर्जचा मुलगा, ड्यूक ऑफ यॉर्क, इथे येऊन राहिला आणि मग 'रॉयल' चिकटलं ते आजतागायत.

आता ते एकच का दिसतं. वूडने समोरच्या भिंतीचं एक अख्खं ड्रॉइंग ठरवलं, मग त्या भिंतीचे तुकडे पाडून लीजवर दिले. म्हणजे गिऱ्हाईक घर विकत घेत नव्हतं, भिंतीची लांबी घेत होतं म्हणा ना. आपल्या वाट्याचा तुकडा समोरून ड्रॉइंगबरहुकूम बांधायचा, त्यात काडीचाही बदल चालणार नाही, पण त्या भिंतीमागे खोल्या किती, जिना कुठे, घर किती खोल न्यायचं हे ज्याने त्याने आपला आर्किटेक्ट आणून, आपल्या पैशाने, आपल्या मर्जीने करायचं. त्यामुळे समोरून शिस्तीत उभी असलेली ही ३० घरं आतून एकासारखी दुसरी नाहीत.

ही आयडिया मूळ त्याच्या वडिलांची, थोरल्या जॉन वूडची. त्याने १७२८ ते १७३६ मध्ये बाथमध्येच क्वीन स्क्वेअर केला, त्याच्या उत्तर बाजूची सात घरं मिळून एका राजवाड्याचा दर्शनी भाग वाटतो, मध्ये त्रिकोणी माथा, दोन्ही टोकं जराशी पुढे आलेली. जमीन ९९ वर्षांच्या लीजवर घ्यायची, पोटभाड्याने छोट्या बिल्डरांना वाटायची, बांधकाम चालू आहे तोवर भाडं नाममात्र, तेव्हाच्या करारांत ते चक्क 'मिरीचा एक दाणा' असं लिहायचे. स्वतःचं भांडवल फार न अडकवता आख्खा चौक उभा करायचा हा मार्ग. आणि मागणी होतीच, कारण बाथला गरम पाण्याचे झरे, सीझनमध्ये पैसेवाले लोक आजारपणाचं निमित्त काढून यायचे, पत्ते खेळायचे, पोरींची लग्नं जमवायचे आणि परत जायचे. चार महिन्यांसाठी कोण राजवाडा बांधणार? पण भाडं रो-हाऊसचं आणि पत्ता राजवाड्याचा, हे मात्र सगळ्यांनाच हवं होतं.

मोजायचं म्हणाल तर दारं मोजू नका, लांबून दिसत नाहीत. छपराकडे बघा. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीतूनच शेगड्यांची धुराडी वर जातात आणि छपरावर त्या प्रत्येक भिंतीच्या डोक्यावर चिमण्यांचा, म्हणजे त्या धुराड्यांच्या वरच्या टोकांचा, एक जाडजूड गठ्ठा उभा असतो, वर धूर सोडणारी मातीची नळकांडी ओळीने लावलेली. खाली वूडने कितीही झाकलं तरी वर घर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते चिमण्या सांगून टाकतात.

प्रश्न – माझी नणंद बाथला जाऊन आली, ती म्हणाली वहिनी मागच्या गल्लीतून बघितलं तर ओळखूच येत नाही, नुसतं वेडंवाकडं. एवढ्या नामांकित वास्तूची मागची बाजू अशी का ठेवली? पैसे संपले का?

नणंदबाईंनी बरोबर बघितलंय, बहुतेक लोक हिरवळीवर फोटो काढून परत फिरतात. पैसे संपले नव्हते, मागच्या बाजूवर खर्च करायचंच नाही असं ठरलेलं होतं, किंवा खरं तर काहीच ठरलेलं नव्हतं. करारात होती ती फक्त समोरची भिंत. समोर घोटीव दगड, सांधा इतका बारीक की नख जाणार नाही, आणि मागे ओबडधोबड दगडांची चिणाई, खिडक्या जिथे सोयीच्या वाटल्या तिथे, कुणाचं घर एक खोली जास्त लांब, कुणी गोलाकार फुगीर खिडकी काढलेली, छपरं खालीवर. त्यात नंतरच्या दोनशे वर्षांत संडास-बाथरूमची भर पडली आणि पाइप तर बघूच नका. आपल्याकडे म्हणतात ना, वरून कीर्तन आतून तमाशा, तसलाच प्रकार, आणि इंग्रजांनीही यावर आपली एक म्हण करून ठेवली आहे की पुढून राणी ॲन आणि मागून मेरी ॲन, म्हणजे पुढून महाराणी आणि मागून घरातली मोलकरीण.

पाइपांवरून आठवलं. बाथमधल्या बऱ्याच जुन्या घरांमध्ये समोरच्या छपराचं पावसाचं पाणी समोर उतरतच नाही. समोर छपराच्या कडेला भिंतीचा कठडा वर आलेला असतो, त्याच्या मागे शिशाचा पत्रा मारलेली पन्हळ, आणि तिथलं पाणी एका आडव्या पन्हळीतून थेट माळ्याच्या आतून, माणसं झोपतात त्या खोलीच्या वरून, घराच्या मागच्या बाजूला नेऊन सोडलेलं. का? तर दर्शनी भिंतीवर पाइप दिसायला नको. ती पन्हळ तुंबली की पाणी आत, लाकडी तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं कुजतात, आणि बाहेरून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. दिसण्यासाठी केलेल्या अट्टहासाची किंमत अजून प्रत्येक मालक भरतोय.

मला विचाराल तर मागची बाजू जास्त वाचण्यासारखी आहे. समोर एका माणसाचं डोकं दिसतं, मागे ३० घरांच्या गरजा दिसतात.

प्रश्न – मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. समोरचे ते सगळे खांब लोड घेतात की नुसते शोभेचे? आणि त्यांच्या साइझला काही नियम होता का?

चांगला प्रश्न. एकूण ११४ खांब आहेत आणि ते सगळे आयोनिक पद्धतीचे, म्हणजे वरच्या टोकाला दोन्हीकडे गुंडाळी केल्यासारखी वळणं असतात तो प्रकार. खांब सुटे उभे नाहीत, भिंतीत अडकवलेले आहेत. त्यांच्या डोक्यावरची ती जाड आडवी पट्टी आणि वरचा कठडा यांचं वजन ते भिंतीसोबत वाटून घेतात, पण घराचं खरं लोड तिकडे नाहीच. लाकडी मजल्यांचं बरंचसं वजन घराघरांमधल्या सामाईक भिंतींवर आणि आतल्या भिंतींवर जातं. म्हणजे तुझ्या खांब-तुळयांच्या फ्रेम स्ट्रक्चरच्या डोळ्यांनी बघू नकोस, इथे चिमणीची जी भिंत कुणाच्या नजरेत भरत नाही तीच खरी कामाची आहे.

आता साइझ. तळमजला मुद्दाम साधा सपाट ठेवलाय, एकही खांब नाही, तो नुसता पाटासारखा. खांब पहिल्या मजल्यावर सुरू होतात आणि दोन मजले एका दमात चढून जातात. व्यास साधारण ३० इंच. इटलीचा सोळाव्या शतकातला पलादिओ, ज्याला इंग्लंडचे त्या काळातले आर्किटेक्ट गुरूच मानायचे, त्याच्या नियमाने आयोनिक खांब व्यासाच्या नऊ पट उंच, म्हणजे हिशोब करून बघ, साडेबावीस फुटांच्या आसपास येतो. एकदा व्यास ठरला की उंची ठरली, वरची पट्टी किती जाड ते ठरलं, दोन खांबांमध्ये खिडकी केवढी बसेल तेही ठरलं. म्हणून तर ३० वेगवेगळ्या मालकांच्या गवंड्यांकडून हे सरळ बांधून घेता आलं, प्रत्येकाला आख्खं ड्रॉइंग कळायची गरजच नव्हती, एक माप पुरेसं होतं.

आणखी एक बारकावा. अर्धवर्तुळाच्या बरोबर मध्ये आणि दोन्ही टोकांना खांब जोडीजोडीने आहेत, मध्यभागी त्या जोड्यांमध्ये एक कमानीची खिडकी. बस्स, एवढीच सजावट. एवढ्या लांबीवर एवढा कमी मसाला घालायला हिंमत लागते. त्याच्या वडिलांना ती नव्हती, त्यांच्या हातचं 'सर्कस' बघ, म्हणजे बाथमधलाच गोलाकार बांधलेल्या घरांचा चौक, तिथे तीन मजल्यांना तीन जातींचे खांब, खाली डोरिक, मध्ये आयोनिक, वर कॉरिंथियन, त्यात तळमजल्यावरच्या पट्टीत साप, अवजारं, वाद्यं अशी शेकडो छोटी कोरीव चित्रं, आणि कठड्यावर दगडी एकॉर्न, म्हणजे ओकच्या झाडाची फळं. मला सर्कसही आवडतं, पण तासाभराने डोळे दमतात.

प्रश्न – दगडाला हा मधाचा रंग कसा? पॉलिश आहे का? आणि जुन्या फोटोंमध्ये हीच इमारत काळी ठिक्कर दिसते ती का?

पॉलिश नाही, रंग नाही, दगडच तसा. बाथ स्टोन म्हणजे एक जातीचा चुनखडक. सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ उबदार समुद्र होता, शिंपल्याचा किंवा वाळूचा एखादा कण तळाशी लाटांबरोबर गडगडायचा आणि त्याच्यावर चुन्याचे थर बसत जायचे. असे कोट्यवधी गोल दाणे एकमेकांना चिकटून हा दगड झाला. भिंगातून बघितलात तर माशाच्या गाभोळीसारखा दिसतो, दाण्याला दाणा लागून. पिवळेपणा येतो तो त्यातल्या थोड्याशा लोहामुळे.

या दाण्यांमुळेच खरं तर बाथ शहर आहे तसं झालं. दगडात ठळक पापुद्रे नाहीत, म्हणून तो कुठल्याही दिशेने कापता येतो, करवतीने कापता येतो हो, लाकडासारखा. खाणीतून नुकताच काढलेला दगड ओलसर आणि मऊ असतो, त्यावर नक्षी काढा, कोपरे घासा, सांधे जुळवा, मग तो हवेत सुकत गेला की कडक होतो. गवंड्याला मात्र एक गोष्ट पाळावी लागते, दगड खाणीत जसा आडवा पडला होता तसाच भिंतीत आडवा बसवायचा. उभा करून बसवला तर तीस-चाळीस हिवाळ्यांत त्याचे चेहऱ्यावरून पापुद्रे सुटायला लागतात. आणि ओला दगड कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवला तर आतलं पाणी गोठून फुटतो, म्हणून हिवाळ्यात तो खाणीबाहेर काढायलाच नको म्हणायचे.

बाथचा बहुतेक दगड जवळच्याच कूम डाउन टेकडीच्या पोटातून आला. राल्फ ॲलन नावाच्या माणसाने इंग्लंडच्या टपालव्यवस्थेत सुधारणा करून बख्खळ पैसा केला होता, तो त्याने या खाणींत घातला. १७३१ मध्ये टेकडीवरून नदीपर्यंत लाकडी रुळांची लाइन टाकली, दगडाने भरलेल्या गाड्या उतारावरून स्वतःच्या वजनानेच खाली यायच्या, माणूस फक्त ब्रेक सांभाळणार, रिकाम्या गाड्या घोडे वर ओढणार. नदी १७२७ मध्येच ब्रिस्टलपर्यंत बोटींसाठी खुली झाली होती, त्यामुळे माल बाहेर पाठवायचीही सोय. वर त्याने थोरल्या वूडकडून प्रायर पार्क नावाचा मोठा वाडा बांधून घेतला, शहरातून दिसेल असा, माझ्या दगडाने काय काय होऊ शकतं ते बघा म्हणून. जाहिरातच ती. टेकडी मात्र आतून पोकळ झाली, वर वस्ती आणि खाली मोठमोठ्या गुहा, मधे मधे दगडाचे खांब सोडलेले आणि तेही नंतरच्या लोकांनी कोरून बारीक केलेले. शेवटी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी पैशाने त्या पोकळ्या फेसाळ काँक्रीटने भरून घ्याव्या लागल्या, आणि त्यातही खाणीत राहणाऱ्या दुर्मिळ जातीच्या वटवाघळांसाठी जागा राखून ठेवल्या. बडा घर पोकळ वासा याचं इतकं शब्दशः उदाहरण मी तरी दुसरं बघितलेलं नाही.

काळेपणाचं कारण कोळसा. प्रत्येक खोलीत शेगडी, हजारो चिमण्या, धुरात गंधक. ते पावसाच्या पाण्यात मिसळून चुनखडकावर बसलं की वरचा थर जिप्समचा होतो आणि त्या जिप्सममध्ये काजळी अडकून काळी खपली धरते. गंमत अशी की जिथे पाऊस थेट आपटतो तिथे खपली धुऊन जाते आणि दगड पांढुरका राहतो, काळं होतं ते छज्जाखाली, कोरीव कामाच्या खोबणीत, आडोशाला. म्हणजे वाईट अवस्था नेमकी चांगल्या कामाची. खपली मग फुगते आणि सुटताना दगडाचा चेहराही घेऊन जाते. विसाव्या शतकात कोळसा थांबला आणि इमारती साफ केल्या, सगळ्यात बरा उपाय म्हणजे पाण्याचा बारीक फवारा तासन् तास मारत ठेवायचा, खपली मऊ होऊन निघते. वाळूचा मारा करणाऱ्यांनी जे नुकसान केलं ते मात्र कायमचं.

आणि कुणाचं दगडी घर असेल, कुठेही असो, मऊ दगडाच्या सांध्यात सिमेंट भरू नका. सांध्यात चुनाच हवा. सिमेंट दगडापेक्षा कडक, ओल सांध्यातून बाहेर पडायची ती दगडातून पडायला लागते आणि झिजतो तो दगड.

प्रश्न – झूम करून बघितलं तर काही घरांच्या खिडक्या शेजारच्यापेक्षा जास्त लांब दिसतात. तुम्ही म्हणता काडीचा बदल चालत नव्हता, मग हे काय? आणि खिडक्यांवर टॅक्स होता म्हणून लोक खिडक्या बुजवायचे हे खरं का?

नजर छान आहे तुमची. बदल चालत नव्हता तो वूडच्या वेळी. एकोणिसाव्या शतकात फॅशन बदलली, पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्याच्या खिडक्या जमिनीपर्यंत हव्यात असं लोकांना वाटायला लागलं, मग खिडकीखालचा दगड कापून उंबरा खाली नेला. कुणी केलं, कुणी नाही. त्याच सुमारास काचही बदलली. वूडच्या काळात काच फुंकून, गरगर फिरवून तिची मोठी चकती करायचे आणि त्या चकतीतून छोटे तुकडे कापायचे, त्यामुळे एका खिडकीत वरच्या झडपेत सहा आणि खालच्या झडपेत सहा अशी चौकटींची जाळी. १८४५ ला काचेवरचा कर गेला, मोठ्या सपाट काचा स्वस्त झाल्या, लोकांनी जाळ्या काढून अख्ख्या काचा बसवल्या. झालं काय की समोरच्या भिंतीची लय बिघडली, दात पडलेल्या माणसाने हसावं तसं दिसायला लागलं. १ नंबरचं घर आज म्युझियम आहे, तिथे उंबरे परत वर घेतलेत आणि बारीक पट्ट्यांच्या जाळ्याही परत बसवल्यात, मूळ कसं होतं ते तिथेच नीट कळतं.

टॅक्स खरा, १६९६ पासून १८५१ पर्यंत होता. पण बुजवलेली दिसली की टॅक्समुळेच हे गाइड लोकांचं आवडतं पालुपद आहे. कित्येक खोट्या खिडक्या पहिल्या दिवसापासूनच खोट्या असतात, कारण आत तिथे नेमकी चिमणी असते आणि बाहेर ओळ तर पूर्ण दिसायला हवी.

प्रश्न – एवढी देखणी घरं, पण आत राहायला कशी होती? खोल्या मोठ्या होत्या का?

उंच होती, रुंद नाही. साधारण तीन खिडक्यांची रुंदी आणि मग वर वर. रस्त्याच्या पातळीच्या खाली स्वयंपाकघर, नोकरांचा वावर, आणि फुटपाथच्या पोटात कोळशाच्या कोठ्या, रस्त्यावरून झाकण उघडून कोळसा ओतायचा म्हणजे घरात पाय टाकायला नको. तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, सगळ्यात उंच छताचा, सगळ्यात उंच खिडक्यांचा, कारण तिथे पाहुणे. वर निजायच्या खोल्या, आणि कठड्याच्या मागे लपलेल्या माळ्यावर नोकर. म्हणजे समोरून खिडकीची उंची बघा आणि आत कोण राहत होतं ते ओळखा. जेवण तळघरात शिजायचं आणि वाफाळतं वर न्यायचं, गरम पाणी तीन मजले चढवायचं, राखेच्या बादल्या तेवढेच मजले उतरवायच्या, हे सगळं त्या अरुंद मागच्या जिन्यावरून. १ नंबरच्या घराचा नोकरांचा भाग मध्ये कधीतरी वेगळा झाला होता, तो २०१३ मध्ये परत म्युझियमला जोडला. तिकीट काढलंत तर दिवाणखान्यात दहा मिनिटं आणि स्वयंपाकघरात अर्धा तास घालवा.

आणि हो, ११ नंबरच्या घरातून १७७२ मध्ये एलिझाबेथ लिनली ही तरुण गायिका नाटककार शेरिडनबरोबर फ्रान्सला पळून गेली. आर्किटेक्चरशी संबंध नाही, पण चारपाच जणांनी विचारलंय.

प्रश्न – समजा लॉटरी लागली आणि मी यातलं एक घर घेतलं, तर मला अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या लावता येतील का? दार आवडत्या रंगाचं करता येईल का?

खिडक्या विसरा. ही सगळी रांग ग्रेड वन यादीत आहे, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात वरची संरक्षित श्रेणी, आणि १९९० च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय वास्तूचं स्वरूप बदलणं हा फौजदारी गुन्हा आहे. नुसतं बाहेरून नाही, आतूनही. जुना जिना, छताचं प्लास्टर, शेगडीची चौकट, सगळं त्यात आलं. थंडी वाजते म्हणून डबल काच हवी असेल तर सहसा जुनी खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी सरकती काच लावतात, किंवा मूळ लाकडी झडपा दुरुस्त करून रात्री बंद करतात, त्या असतातच भिंतीत दुमडलेल्या. इथली बरीच घरं आता फ्लॅटमध्ये वाटली गेली आहेत, मधलं १५ आणि १६ मिळून हॉटेल आहे, अख्खं घर मिळणं अवघडच.

दाराचं मात्र ऐका. २२ नंबरच्या मालकीणबाईंनी १९७१ च्या सुमारास दार पिवळं केलं. बाकी सगळी पांढरी. महापालिकेने नोटीस काढली, पांढरं करा. बाई ऐकेनात. प्रकरण वर वर जात थेट पर्यावरण खात्याच्या मंत्र्यांपर्यंत गेलं आणि निकाल बाईंच्या बाजूने लागला, पिवळं राहू द्या म्हणून. मला हा निकाल पटतो. वूडने दगड बांधून ठेवला होता, दाराचा रंग नाही, आणि पांढरंच हवं हा हट्ट नंतरच्या लोकांचा.

प्रश्न – हिरवळीत मध्येच एक खंदकासारखी रेघ दिसते. ती काय आहे?

तिला हा-हा म्हणतात, खरंच तेच नाव आहे. एका बाजूने उभी दगडी भिंत खाली उतरते आणि दुसऱ्या बाजूने जमीन उताराने तिच्या पायथ्याशी येते. घराच्या खिडकीतून बघितलं तर भिंत दिसतच नाही, हिरवळ सलग वाटते, पण खालच्या कुरणातली गुरं वर येऊ शकत नाहीत. वरची हिरवळ आजही फक्त रहिवाशांची, खालची सगळ्यांची. गुरं गेली, हद्द राहिली.

प्रश्न – दुसऱ्या महायुद्धात बाथवर बॉम्ब पडले होते असं वाचलं. ही इमारत वाचली कशी?

पूर्ण वाचली नाही. एप्रिल १९४२ च्या शेवटी दोन रात्री जर्मन विमानांनी बाथवर हल्ले केले, चारशेच्या वर माणसं गेली. धाकट्या वूडनेच १७७१ मध्ये पुरी केलेली असेंब्ली रूम्स आतून जळून गेली, आणि क्रेसेंटमधली २ आणि १७ नंबरची घरं आगीच्या बॉम्बनी खाक झाली. लाकडी मजले, लाकडी जिना, लाकडी छप्पर, दगडाच्या मागे सगळं जळण्यासारखंच होतं. दोन्ही नंतर परत उभी केली. आज समोर उभं राहून ती कोणती ते ओळखून दाखवा, जमणार नाही, कारण समोरचं ड्रॉइंग सगळ्यांना एकच आणि खाणीचा दगडही तोच.

प्रश्न – पुढच्या वर्षी मुलाकडे जातोय, बाथसाठी एकच दिवस आहे. क्रेसेंट सोडून काय बघू?

क्रेसेंट सोडू नका, फक्त त्याच्याकडे नीट वाटेने जा. आधी सर्कस बघा, तिथून ब्रॉक स्ट्रीट नावाचा साधासुधा रस्ता निघतो, मुद्दाम साधा ठेवलाय, त्याच्या टोकापर्यंत क्रेसेंट अजिबात दिसत नाही आणि मग एकदम सगळं उघडतं. टॅक्सीने थेट समोर उतरलात तर हे गेलंच.

मग चढायची तयारी असेल तर कॅम्डेन क्रेसेंटला जा, तिथे गर्दी नसते. १७८८ मध्ये जॉन एव्हली नावाच्या आर्किटेक्टने काढलेलं. मोठ्या हौसेने मधोमध त्रिकोणी माथा घातला, पण त्याखाली खांब घातले पाच, म्हणजे एक खांब नेमका मध्यावर, जे त्या काळच्या नियमाने चक्क चूक, आणि टीकाकारांनी त्याला त्यावरून आजतागायत सोडलेलं नाही. त्यापेक्षा मोठी पंचाईत जमिनीने केली. पूर्वेकडचा उतार बांधकाम चालू असतानाच सरकला आणि त्या टोकाची घरं पुरी झालीच नाहीत. त्यामुळे मध्य म्हणून बांधलेला माथा आता मध्यावर नाही. दारांच्या कमानींवर लॉर्ड कॅम्डेनच्या घराण्याचं चिन्ह म्हणून हत्तीची डोकी कोरलेली आहेत, ती बघायला विसरू नका, सोंडा बऱ्याच शाबूत आहेत. वेळ उरला तर ग्रेट पुल्टनी स्ट्रीट, १०० फूट रुंद, दोन्हीकडे राजवाडे, आणि तिच्यातून बाजूला निघणारे रस्ते दोन पावलांत संपतात. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झालं, बाथमधल्या बँका बुडाल्या आणि पुढची घरं बांधायला पैसेच उरले नाहीत. सपाट रस्ता आहे, चढाने पाय दुखत असतील तर हेच आधी करा.